पोरांना कोपऱ्यात गोळा करणारा कुत्रा

पत्र लांबलचक होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय. इंदूरला बायपासजवळच्या एका टाउनशिपमध्ये, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ताईंचं पत्र आहे. घरात त्या, नवरा आणि सासूबाई. मुलाने जानेवारीत रील्स बघून हट्टाने बॉर्डर कोलीचं पिल्लू आणलं आणि मे महिन्यात नोकरी लागली तसा बंगलोरला निघून गेला. पिल्लू (नाव बदललंय, ब्रूनो म्हणूया) आता अकरा महिन्यांचं आहे. माणसं घरात इकडून तिकडे गेली की मागे मागे फिरतं, डोळे रोखून बघत राहतं, स्कूटरवर आणि डिलिव्हरीवाल्यांवर झेप घेतं. गणपतीत पाच-सहा पोरं जमली होती, तर याने त्यांच्याभोवती गोल गोल फिरून सगळ्यांना टीव्हीच्या कोपऱ्यात जमा केलं आणि जाऊबाईंचा सहा वर्षांचा मुलगा त्यातून पळाला तेव्हा त्याच्या टाचेला दात लावले. रक्त नाही आलं, खरचटलं. तेव्हापासून जाऊबाई आलेल्या नाहीत. रोज संध्याकाळी गच्चीवर तासभर बॉल टाकतात तरी दमत नाही. सासूबाई म्हणतात हा पिसाळलाय, रामबागेच्या वाड्यातला आपला मोत्या कसा होता, ओट्यावर बसायचा, पोळी खायचा, कोणाला काही नाही. नवऱ्याच्या मित्राचं चोरलकडे फार्महाउस आहे, तिथे मोकळी जागा, बकऱ्या, तो खूश राहील असं त्यांचं म्हणणं. ताई विचारतात, देऊन टाकू का? आणि मला तर कुत्रा नकोच होता, मग देताना इतकं वाईट का वाटतंय?

ताई,

आधी ती टाच. पोरगं ठणठणीत आहे असं तुम्ही लिहिलंय, तरी ब्रूनोचं कार्ड काढून रेबीजची लस कोणत्या तारखेला झालीय ते बघा आणि जाऊबाईंना फोन करून विचारा की मुलाला डॉक्टरकडे दाखवलं का, नसेल तर आजच दाखवा म्हणावं. दात लागून नुसतं खरचटलं, रक्त नाही आलं, तरीही जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लस द्यायची की नाही ते डॉक्टरने ठरवायचं, आपण नाही. घरचाच कुत्रा आहे, काही होत नाही, असं म्हणून आपल्याकडे लोक सोडून देतात आणि ते बरोबर नाही. शिवाय जाऊबाईंना तुमचा तो फोन यायला हवाच होता, कुत्र्याचं पुढे काहीही ठरो.

आता ब्रूनो. तुमच्या घरात त्याच्याबद्दल तीन मतं आहेत. सासूबाईंना वाटतं पिसाळलाय, नवऱ्याला वाटतं जागा कमी पडते, आणि मुलगा फोनवरून सांगतो की जगातली सगळ्यात हुशार ब्रीड आहे, आपोआप शिकेल. तिघांचं थोडं थोडं खरं असेल म्हणून मी पत्र दोनदा वाचलं, पण मला तिघांचंही पटलं नाही.

तुम्ही लिहिलंय की तो मान खाली घालतो, अंग जमिनीलगत नेतो, पापणी न हलवता बघतो आणि मग मोठा वळसा घेऊन मागच्या बाजूने येतो. अहो, हे रागावलेल्या कुत्र्याचं वर्णन नाहीये. रागात कुत्रा ताठ होतो, ओठ वर जातात, गुरगुरतो, समोरून येतो. ब्रूनो मेंढ्या वळतोय. मेंढ्या नाहीत म्हणून तुमच्या जावेची पोरं वळतोय, आणि खरं सांगायचं तर कोणी न शिकवता पाच-सहा पोरांना टीव्हीच्या कोपऱ्यात जमा केलं हे काम म्हणून बघितलं तर चांगलंच केलंय त्याने.

हे त्याच्यात आलं कुठून, ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं सगळं वायफळ आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरचा डोंगराळ भाग, पाऊस, वारा, मैलोन् मैल पसरलेली कुरणं आणि डोंगरभर विखुरलेल्या मेंढ्या. तिथे एक माणूस आणि एक-दोन कुत्री मिळून शेकडो मेंढ्या खाली आणतात. आधीची कुत्री भुंकून, अंगावर जाऊन, चावून मेंढ्या हाकायची. मग १८९३ मध्ये नॉर्थंबरलंडमध्ये अ‍ॅडम टेलफर नावाच्या शेतकऱ्याकडे हेम्प नावाचं पिल्लू जन्मलं. त्याचा बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा, सगळ्यांशी दोस्ती करणारा, पण मेंढ्यांवर नजर बेताची. आई मेग बुजरी, अबोल, आणि नजर अशी की मेंढी जागेवर थांबावी. हेम्प दोघांचं मिळून निघाला. भुंकत नव्हता, चावत नव्हता, नुसता बघत पुढे सरकायचा आणि मेंढ्या शांतपणे हलायच्या. आजूबाजूच्या मेंढपाळांना तसाच कुत्रा हवा झाला आणि १९०१ मध्ये तो मेला तोवर त्याची दोनशेच्या वर पिल्लं झाली होती. आजच्या बॉर्डर कोलींचा मूळ पुरुष म्हणून ओल्ड हेम्पचंच नाव घेतात. म्हणजे ब्रूनो जे टक लावून बघतो ना, ज्याची सासूबाईंना भीती वाटते, ते सव्वाशे वर्षं निवडून निवडून पक्कं केलेलं आहे.

आणि निवड कशावर, तर कामावर. तिकडे मेंढ्या वळायच्या स्पर्धा होतात, ब्रिटनमधली पहिली वेल्समधल्या बाला गावात १८७३ मध्ये झाली, १९०६ मध्ये त्यांची संस्था निघाली, कुत्र्यांच्या वंशाची नोंद ठेवायला लागले. ब्रिटनच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जाती ठरवणाऱ्या तिथल्या संस्थेने, ही जात मान्य केली ती थेट १९७६ मध्ये. तोपर्यंत कान उभे की पडलेले, रंग कोणता, याची मेंढपाळांना फारशी पडलेलीच नव्हती. रीलमध्ये जे गोड तोंड दिसतं ते या जातीत सगळ्यात शेवटी आलेलं आहे, आधी काम आहे.

यात एक गंमत आहे आणि धोकाही. लांडगा शिकार करतो तेव्हा आधी हेरतो, नजर रोखतो, दबकत जातो, पाठलाग करतो, मग पकडतो आणि मारतो. बॉर्डर कोलीमध्ये माणसाने पहिले भाग वाढवले आणि शेवटचे दाबून टाकले. दाबले म्हणजे पुसले नाहीत. मेंढी घोळक्यातून फुटून पळाली, कुत्रा तरुण आहे, ताणात आहे आणि थांब म्हणणारं कोणी नाही, तर दात लागतो, आणि तो बहुतेक मागून लागतो. जाऊबाईंचा मुलगा नेमका हेच करत होता, किंचाळत घोळक्यातून सुटला. मुलाची चूक नाही, सहा वर्षांचं पोर पळणारच. ब्रूनोचीही नाही म्हणेन. पण याचा अर्थ हे चालवून घ्यायचं असा मुळीच नाही, कारण आज टाच आहे, उद्या पोर तोंडावर पडलं तर दात दुसरीकडे लागेल.

मोत्याचं म्हणाल तर सासूबाईंचं काही चुकलेलं नाही, त्यांनी जे कुत्रं बघितलं ते तसंच होतं. गावठी कुत्रा कोणी एका कामासाठी घडवलेला नाही, गल्लीत राहून, माणसांचा अंदाज घेऊन तो आपलं आपण जमवतो आणि इंदूरच्या उन्हात ओट्यावर दुपारभर पडून राहणं त्याला अंगातूनच जमतं. दोन वेगळे प्राणी आहेत म्हणा ना. आणि आपल्याकडे मेंढपाळांची कुत्री नव्हती असंही नाही. ज्या होळकरांनी हे शहर उभं केलं ते मल्हारराव धनगराच्या घरातले. आजही राजस्थानातले रेबारी मेंढ्या-उंट घेऊन माळव्यात उतरतात तेव्हा सोबत कुत्री असतात. पण धनगराचं काय किंवा रेबाऱ्याचं काय, ती कुत्री राखणीची, लांडग्यावर भुंकणारी, रात्री जागणारी. मेंढ्या हाकायचं काम माणूसच करतो. म्हणून मेंढपाळाचं कुत्रं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राखणदार येतो आणि नवरा म्हणतो फार्महाउसला ठेवू, राखण करेल.

तर फार्महाउस. मला हा पर्याय सगळ्यात कमी आवडलाय आणि का ते स्पष्ट लिहिते, कारण अशी पत्रं बरीच येतात आणि प्रत्येकात कोणाच्या तरी मित्राची जमीन असते. तिथे दिवसा कोण असतं? चौकीदार. ब्रूनो सुटला तर बकऱ्यांमागे जाणार, आणि शिकवलेला नसलेला कोली बकऱ्या वळत नाही, पळवतो, धाप लागून पडेपर्यंत पळवतो, एखादी गाभण असेल तर विचारूच नका. दोनदा असं झालं की शेजारचा माणूस काठी घेऊन येतो किंवा ब्रूनो साखळीला जातो. मोकळ्या जागेसाठी पाठवलेलं कुत्रं चार फुटांच्या साखळीवर, हे मी इतक्यांदा ऐकलंय. चोरल, महूकडच्या जंगलात बिबटे आहेत, रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं त्यांना सोपं पडतं. गोचिडांचा ताप वेगळाच. आणि मुख्य म्हणजे ही जात माणसाकडे बघून काम करणारी आहे, डोंगरावर अर्धा मैल लांब असलं तरी मेंढपाळाच्या शिटीकडे कान असतो. माणूस काढून घेतला आणि एकरभर जमीन दिली तर त्याला काय मिळालं?

जागा कमी पडते हे म्हणून मला पटत नाही. फ्लॅटमध्ये ही जात ठेवणं सोपं नाही, पिल्लू घ्यायच्या आधी मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, पण कमी पडतंय ते काम. रिटायर झालेला हिशोबी माणूस घरी बसला की बायकोच्या फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावायला घेतो, तसं चाललंय ब्रूनोचं.

मुलाचं हुशारीचं म्हणणं. हो, हुशार आहे. स्टॅनली कोरेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये कुत्र्यांच्या जातींची यादी केली, आज्ञा किती पटकन शिकतात आणि किती पाळतात यावर, त्यात बॉर्डर कोली पहिला. अमेरिकेत चेसर नावाची एक कोली होती, तिला जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांनी १०२२ खेळण्यांची नावं शिकवली. पण ते आपोआप झालं नाही, त्यांनी वर्षानुवर्षं रोज कित्येक तास तिच्यासोबत घालवले. हुशार कुत्रा चुकीचंही तितक्याच पटकन शिकतो ना, लिफ्टचा आवाज म्हणजे डिलिव्हरीवाला हे ब्रूनोला दोन दिवसांत कळलं असेल. शिकवणारं कोणी नसलं तर तो परिस्थितीकडून शिकतो, आणि बायपासजवळची परिस्थिती काय शिकवणार, गाड्या!

आता तुम्ही करता त्यातली एक गोष्ट आधी बंद करा, तो तासभराचा बॉल. वाटतं दमेल, पण होतं उलटं, नजर रोख, झेप घे, धाव, परत ये, हेच शंभर वेळा घोटून घेतो आपण त्याच्याकडून, स्टॅमिना वाढतो आणि डोकं आणखी तापतं. कुत्रं धापा टाकत घरी येतं आणि पाच मिनिटांत पुन्हा फेऱ्या मारतं, हेच लिहिलंय तुम्ही. शिवाय या जातीत एक त्रास माहीत आहे, उन्हात जोरात खेळता खेळता दहा-पंधरा मिनिटांत मागचे पाय लडखडतात, कुत्रं भांबावतं, बॉर्डर कोली कोलॅप्स म्हणतात त्याला. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, तेव्हा गच्चीवर बॉल नकोच. आणि उन्हाळा आहे म्हणून पार्लरवाल्याला पूर्ण केस भादरायला सांगू नका, दुहेरी केसांचं कुत्रं आहे, भादरलं की कातडीला ऊन लागतं. विंचरून सुटलेले केस काढा, तेवढं पुरतं.

बॉलऐवजी काय, तर सकाळी ऊन चढायच्या आत पाऊण तास फिरवा, लांब दोरीवर, छातीच्या पट्ट्याला बांधून, आणि त्याला हुंगू द्या. घाईघाईने ओढत नेऊ नका. शक्यतो वाहत्या रस्त्यावरून नको, बायपासच्या पलीकडे शेतांकडे जाणारे कच्चे रस्ते आहेत तिकडे जा. गाडी दिसली की तो वाकायच्या आत, म्हणजे गाडी लांब असतानाच, त्याला हाक मारून आपल्याकडे वळवा आणि तोंडात काहीतरी चांगलं घाला, पनीरचा तुकडा, उकडलेलं चिकन, जे घरात चालतं ते. एकदा तो वाकला आणि नजर लागली की मग हाका मारून उपयोग नाही, तिथे अंतर वाढवायचं, बस. हळूहळू अंतर कमी होतं. आठवड्याने नाही, महिन्यांनी.

जेवण वाडग्यात देऊ नका. टॉवेलच्या घड्यांत, खोक्यात, घरभर लपवून द्या, शोधू दे. सासूबाई बसल्या जागेवरून हे करू शकतात आणि माझा अंदाज आहे त्यांना आवडेल. खेळण्यांना नावं द्या, एकेक करून, चेंडू आण, दोरी आण, मग टोपलीत टाक. दिवसात तीनदा दहा-दहा मिनिटं, तेवढ्याने तासभर पळण्यापेक्षा जास्त थकतो तो. हो, थकतो. डोक्याने.

आणि सगळ्यात अवघड, त्याला काही न करणं शिकवायचं. एक सतरंजी ठरवा, तीच नेहमी. तिच्यावर आडवा झाला की गुपचूप खाऊ ठेवायचा, बोलायचं नाही, कौतुकही हळू. मेंढपाळ काम संपलं की एक ठरलेला शब्द बोलतो आणि कुत्रं मेंढ्या सोडून त्याच्याकडे येतं, तुम्हीही ठरवा, झालं म्हणा, बास म्हणा, पण घरात सगळ्यांनी एकच. मोठं कुत्रंसुद्धा दिवसाचा निम्मा वेळ झोपतं, ब्रूनो अजून वाढीचा आहे आणि तुमच्या वर्णनावरून तो दिवसभर बाल्कनीत गाड्या मोजतोय. बाल्कनीचा पडदा ओढा. ती त्याची सगळ्यात वाईट सवय आहे आणि थांबवायला सगळ्यात सोपी.

पोरं आली की ब्रूनो दुसऱ्या खोलीत, जाळीच्या आड, चघळायला काहीतरी देऊन. यात शिक्षा नाही. पोरं पळायची थांबून बसली, जेवायला वगैरे, की मग पट्ट्यावर बाहेर. पोरांनाही सांगता येतं, तो बघायला लागला की झाडासारखं उभं राहायचं, पण सहा वर्षांच्या मुलावर ही जबाबदारी टाकू नका, मोठ्या माणसाने लक्ष ठेवायचं. टाचेला दात लागला म्हणून तोंडावर फटका, पाणी, काठी, असलं काही करू नका, हेम्पच्या आईचा, त्या मेगचा, बुजरेपणा याच्यात असेल तर भीतीने खरोखर चावायला शिकेल. दिवाळी येतेय, ही कुत्री आवाजाला फार घाबरतात, त्या रात्री एक आतली खोली, खिडक्या बंद, पंखा मोठा, आणि संध्याकाळची फेरी दिवसाउजेडीच उरकून घ्या.

डॉक्टरकडे एक फेरी मारा. अचानक चिडचिड वाढली असेल तर कुठे दुखतंय का, दिसतंय ना नीट, हे तपासून घ्या. अजून एक, गोचीड-खरजेसाठी आपल्याकडे आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सर्रास देतात, कोली कुळातल्या काही कुत्र्यांना जनुकामुळे ते औषध मोठ्या डोसात चालत नाही, मेंदूवर परिणाम होतो. डॉक्टरला आधीच सांगा की ही कोली आहे. नसबंदी कधी करायची तेही तेव्हाच विचारा.

ज्यांच्या घरी जर्मन शेफर्ड आहे त्यांनी हे सगळं जसंच्या तसं लावू नका. तोही मेंढ्यांचाच कुत्रा, माक्स फॉन स्टेफानिट्झने १८९९ मध्ये होरांड नावाच्या कुत्र्यापासून ती जात बांधायला घेतली, पण जर्मनीत कुंपण नसलेल्या पिकांच्या कडेला मेंढ्या चरायच्या आणि कुत्रा त्या कडेने दिवसभर येरझारा घालायचा, मेंढी पिकात जाऊ नये म्हणून. म्हणून तुमचा शेफर्ड गेटपासून गेटपर्यंत फेऱ्या मारतो आणि हद्दीवर भुंकतो. त्याला हद्द लागते, कोलीला घोळका. बेल्जियन मॅलिन्वाही मुळात मेंढ्यांवरचाच. २०११ मध्ये लादेनवरच्या कारवाईत कैरो नावाचा मॅलिन्वा होता, तेव्हापासून त्याची हवा झालीय, फौजी कुत्रा घरी हवा म्हणून फोन करणाऱ्यांना मी एवढंच विचारते की पहाटे पाचला कोण उठणार. आणि पिल्लू घ्यायचंच असेल तर निळसर ठिपक्यांच्या म्हणजे मर्ल रंगाच्या आई-बापांची जोडी लावून झालेलं कधीच घेऊ नका, त्यात बहिरी-आंधळी पिल्लं निघतात.

आता तुमचा खरा प्रश्न. देऊन टाकू का? हे सगळं करायला घरात कोणी एक माणूस लागतो, रोज दीड-दोन तास, आणि तो माणूस तुम्हीच असणार हे तुम्हाला दिसतंय म्हणून पत्र लिहिलंय. तुमची ओढ नसेल, गुडघे दुखत असतील, नोकरी असेल, तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वाईट का वाटतंय विचारलंत. पाच महिने त्याला खायला घालणारं, फिरवणारं कोण आहे? तो दिवसभर कोणाकडे बघत असतो? नको असलेलं कुत्रंही तोवर आपलं होऊन जातं, त्यात कसलं आश्चर्य. पण वाईट वाटतंय म्हणून ठेवायचं आणि मग तीन वर्षं कुढत बसायचं, तेही करू नका.

मी म्हणेन दिवाळीपासून तीन महिने द्या, बक्षीस देऊन शिकवणारा ट्रेनर बघा, गळ्याला काट्यांचा पट्टा घेऊन येणाऱ्याला दारातून परत पाठवा. तीन महिन्यांत घराला झेपत नाही असं दिसलं तर द्या, पण माणसाला द्या, जमिनीला नको. ज्यांनी आधी अशी कुत्री ठेवलीत, जे घरात ठेवणार आहेत, ज्यांच्याकडे धावणारी लहान पोरं नाहीत. त्यांच्या घरी जाऊन बघा, पंधरा दिवस ठेवून पाहू द्या, नाही जमलं तर परत घ्यायची तयारी ठेवा, आणि नसबंदी करूनच द्या, नाहीतर फुकट मिळालेल्या कोलीवर पिल्लांचा धंदा करणारे टपलेलेच आहेत. पैसे मागू नका, लसीकरणाचं कार्ड मात्र सोबत द्या.

आणि चिरंजीवांना फोन करा. ट्रेनरचे पैसे दर महिन्याला त्याने पाठवायचे, पिल्लू त्याने आणलंय. दिवाळीला घरी येईल तेव्हा पहाटेची फेरी त्याची, रोज, सराफ्याच्या खाऊगल्लीतून रात्री कितीही उशिरा परत आला असला तरी.